शेवटचा नग

"एक टॉवेल जास्त दिला म्हणून कुणी पैसे अडवतं का हो?"

मलय्या बिंगी यांनी हातातली पिशवी सोवनी वकिलांच्या टेबलावर उपडी केली. आतून एक पांढरा, निळ्या काठाचा टॉवेल पडला आणि त्याच्यामागून बँकेच्या निरोपाचा घडी घातलेला कागद. सोवनींनी कागद उचलला. टॉवेल माझ्या बाजूला सरकला होता, तो मी घडी करून ठेवला. तेवढंच काम मला पटकन जमलं.

मी तेव्हा सोलापुरात सोवनींच्या ऑफिसात होतो. वकिलीची सनद माझ्याकडेही होती, पण कोर्टात उभं राहिलो की पाठ केलेलं वाक्यही विसरायचो, म्हणून बोलायचं काम त्यांचं आणि वाचायचं माझं अशी वाटणी झाली होती. ते मला "आमचं कपाट" म्हणायचे. अशिलांसमोरसुद्धा.

"कमी दिला असता तर समजलं असतं," मलय्या म्हणाले. "जास्त दिलाय की साहेब. फुकट दिलाय. आणि हे म्हणायलेत, माल मागितला तसा नाही."

"बसा अण्णा आधी," सोवनी म्हणाले. मग मला, "देगावकर, यांना पाणी द्या."

मलय्या बसले नाहीत. उंच, वाकलेला माणूस, सदऱ्यावर सुताचे बारीक तंतू कायम चिकटलेले. बाप दुसऱ्याच्या मागावर विणकर होता. यांनी स्वतःचे माग घातले, वाढवले, आणि त्या वर्षी पहिल्यांदा थेट परदेशात माल धाडला होता. युरोपातल्या एका बंदरगावचा व्यापारी. ना त्यानं यांना पाहिलेलं, ना यांनी त्याला. अशा वेळी विश्वास बँकेनं पुरवायचा असतो. गिऱ्हाइकाची बँक लेखी हमी देते: माल जहाजावर चढल्याचे, ठरल्याप्रमाणे असल्याचे कागद आणून दाखवा, पैसे आम्ही देऊ. व्यापारातली माणसं तिला नुसतं एलसी म्हणतात. बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते. आणि कागदात, टॉवेलांच्या गाठींच्या यादीत, मलय्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं, "प्रत्येक गाठीत एक नग जादा, विनामूल्य."

"हे लिहायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" सोवनींनी विचारलं.

"गाठीत आहे म्हणून लिहिलं."

"आणि गाठीत टाकायला कुणी सांगितलं?"

"आमची पद्धत आहे."

"कसली पद्धत?"

"आहे की साहेब. आमच्या घरातली."

मला वाटलं, काही धार्मिक असेल, विचारू नये. मी तसाही विचारणारा नव्हतो.

सोवनींनी खुर्ची मागे रेलली. "सोपं आहे. एलसीची मुदत अजून थोडी शिल्लक आहे. ती ओळ काढून नवी यादी करा, पुन्हा सादर करा. बँकेला बोलायला जागा नाही."

"पण नग तर गाठीत आहेत."

"गाठी समुद्रात आहेत, अण्णा. कोण उघडून बघणार आहे?"

"उघडतील ना पोचल्यावर. मग म्हणतील, बिंगीच्या यादीत एक आणि मालात दुसरंच. आणि इथं कस्टमवाल्याला दिलेल्या कागदावर पण ते नग लिहिलेत. त्याला खोटं पाडायचं का?" मलय्यांनी टॉवेल परत पिशवीत घातला. "असलं नको."

सोवनींनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. मलय्या म्हणत होते ते बरोबर होतं, आणि हे मोठ्यानं म्हणायला मला त्या दिवशी सुचलं नाही.

दुसरा मार्ग होता गिऱ्हाइकाला विनवण्याचा. त्यानं "चालेल" म्हटलं असतं तर बँकेचं काही अडलं नसतं. तीन वेळा लिहिलं, एकदा फोन लावून दिला. व्यापाऱ्याच्या ऑफिसातली बाई गोड बोलायची आणि साहेब बाहेर गेलेत म्हणायची. तिकडे टॉवेलांचा भाव मधल्या काळात पडला होता. त्याला जुन्या भावातला माल नकोच होता. जादा टॉवेल ही त्याला सापडलेली फट होती.

इकडे गावातल्या बँकेनं त्याच एलसीच्या भरवशावर मलय्यांना सुतासाठी कर्ज दिलं होतं आणि माग गहाण घेतले होते. पैसे आले नाहीत तर माग जाणार, एवढं साधं होतं ते. बँकेचा माणूस येऊन मागांची मोजणी करून गेला त्या दिवशी सोवनी मला म्हणाले, "आता तुमचं कपाट उघडा. काहीतरी काढा."

मी काढलं. कसं काढलं ते सांगण्यासारखं नाही, तीच ती पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचली, एवढंच. एलसीचे नियम जगभर बँकांनी आपापसांत ठरवलेले आहेत. त्यात एक अट आहे. बँकेला कागद नाकारायचे असतील तर ठराविक मुदतीत नाकारावे लागतात, सगळी कारणं एकाच वेळी सांगावी लागतात, आणि त्याच निरोपात हेही सांगावं लागतं, की तुमचे कागद आम्ही तुमच्यासाठी सांभाळून ठेवलेत की परत पाठवतोय. हे सांगितलं नाही तर बँकेचा नकार देण्याचा हक्कच जातो. मग कागदात चूक असो वा नसो, पैसे द्यावेच लागतात.

मी मलय्यांनी आणलेला बँकेचा तो निरोप पुन्हा वाचला. जादा नगाबद्दल होतं. गिऱ्हाइकाला विचारत आहोत, असं होतं. कागदांचं काय केलं याबद्दल एक शब्दही नव्हता.

मी मुदत पुन्हा मोजली. नियम पुन्हा वाचला. मला वाटलं माझंच काही चुकतंय. इतक्या मोठ्या बँकेनं एवढी ओळ विसरावी? दोन दिवस मी ते सोवनींना सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हाही "असं वाटतं" अशी सुरुवात केली.

ते ऐकत असताना चष्मा काढून उठलेच. "असं वाटतं काय म्हणता, देगावकर! गळा सापडलाय बँकेचा!"

नोटिशीचा मसुदा घेऊन मी मलय्यांच्या कारखान्यात गेलो. मागांचा एवढा आवाज, की शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. मला तो आवाज आवडला. त्यात कुणी माझ्याकडून बोलण्याची अपेक्षा करत नव्हतं. पुढच्या खोलीत मलय्यांच्या पत्नी, बालम्मा, जमिनीवर बसून नग तपासत होत्या. धागा सुटलेला बाजूला, चांगला ढिगावर. उजव्या हाताला मोठा ढीग, आणि डाव्या हाताला लाकडी पाटावर वेगळा, छोटा.

"हा वेगळा का, अक्का?" मी विचारलं. कसं कुणास ठाऊक, विचारलं.

"हे विकायचे नाहीत."

"खराब आहेत?"

त्या हसल्या. "खराब विकतात की लोकं. हे चांगले आहेत म्हणून विकायचे नाहीत." मग मलय्या आले, नोटिशीचं बोलणं निघालं आणि तो विषय तिथंच राहिला. निघताना त्यांनी त्या पाटावरचा एक टॉवेल माझ्या हातात दिला. मी पैसे काढले तर म्हणाल्या, "वकीलसाहेब, कान कुठं आहेत तुमचे?"

नोटीस गेली. त्या परदेशी बँकेची एक शाखा मुंबईत होती, म्हणून दावा इथेच लावता येणार होता, तेही नोटिशीत लिहिलं होतं. महिन्याभरात उत्तर आलं: भेटायला या.

सोवनी, मलय्या आणि मी असे तिघे फोर्टातल्या त्यांच्या ऑफिसात गेलो. थंडगार खोली, लांब टेबल. बँकेच्या कायदा विभागाच्या नायगावकरबाई एकट्याच आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, समोर आमचीच नोटीस, तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा.

"हा मुद्दा कुणी काढला?" त्यांनी विचारलं.

"आम्ही," सोवनी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

"मुद्दा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी आडवळणानं बोलत नाही. दावा लावलात तर जिंकाल. आम्ही अपील करू, तेही जिंकाल. त्याच्या वर जाऊ, तिथंही जिंकाल बहुतेक. तोपर्यंत मी निवृत्त झालेली असेन."

"म्हणजे पैसे द्यायचे नाहीत?" सोवनींचा आवाज चढला.

"द्यायचे आहेत. पूर्ण. व्याजाचं सोडा, मूळ रक्कम या आठवड्यात देता येईल. फक्त मला आमच्या मुख्य ऑफिसला काहीतरी लिहावं लागेल. आमच्या माणसानं निरोपात एक ओळ गाळली म्हणून पैसे देतोय, असं कुणी लिहीत नाही. त्याची नोकरी जाते." त्यांनी मलय्यांकडे मान वळवली. "मला एक सांगा, बिंगीसाहेब. तुम्ही जास्तीचा टॉवेल का टाकला?"

मलय्यांनी समोरच्या फाईलकडे बघितलं.

"मला खरंच जाणून घ्यायचंय. फाईल बाजूला ठेवते, बघा." आणि त्यांनी ती खरोखरच बाजूला सरकवली.

मलय्यांनी हात टेबलावर ठेवले. "मागावर ताणा चढवतात मॅडम, उभं सूत. ते संपत येतं तेव्हा शेवटचं हातभर सूत सुटं व्हायला लागतं. गाठी मारून मारून विणावं लागतं. त्यातून शेवटचा एक नग निघतो. माझा बाप ज्यांच्याकडे होता ते मालक तो नग विणकराला द्यायचे. मजुरी वेगळी, हा वेगळा. आमच्या घरात अंग पुसायला, बाळाला गुंडाळायला, सगळ्याला तेच. मग मालकांचा मुलगा कारभार बघायला लागला. शिकलेला. त्यानं बंद केलं. म्हणाला, हे हिशेबात बसत नाही. माझी आई काय बोलली नाही तेव्हा. माझे माग झाले तेव्हा बोलली. म्हणाली, ताण्याचा शेवटचा नग विकायचा नाही. साठतील त्यातला विणकराला एक दे, उरलेले ज्याला माल देशील त्याला दे. तेवढा दिला तर बाकीचे पैसे आपले, नाहीतर नाहीत."

सोवनी, ज्यांना मी कधी शब्दासाठी थांबलेलं बघितलं नव्हतं, पेनाचं टोपण काढत आणि लावत होते.

"फार चांगलं आहे," नायगावकरबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या, हे मी आजही शपथेवर सांगेन. "पण हे मी तिकडे लिहिलं तर त्यांना समजणार नाही. त्यांना समजेल असा एकच शब्द आहे. चूक. तुम्ही एक पत्र द्या: जादा नग टाकणं ही आमची चूक होती, पुन्हा होणार नाही. मग विशेष बाब म्हणून रक्कम देता येते."

"चूक नव्हती पण," मलय्या म्हणाले.

"मला माहीत आहे."

"मग?"

बाईंनी खुर्ची मागे सारली. त्यांनी आम्हाला तिघांनाच बसू दिलं आणि त्या बाहेर गेल्या.

"सही करा," सोवनी लगेच म्हणाले. "अण्णा, ही लॉटरी आहे. चार शब्दांचं पत्र. माग वाचतात तुमचे."

मलय्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगा. पुस्तकात काय आहे?"

अशिलानं थेट मला विचारण्याची ती पहिलीच वेळ असेल. "पुस्तकात असं आहे," मी म्हणालो, "की पत्र न देताही त्यांनी पैसे द्यायला हवेत."

"कधी?"

"ते पुस्तकात नसतं."

"किती वर्षं लागतील?"

मी सोवनींकडे बघितलं. "दहा," ते म्हणाले. "बारा."

"आणि माग?"

मलय्या उठून खिडकीशी गेले. खाली माणसं रस्ता ओलांडत होती. ते पाठमोरेच म्हणाले, "कारखान्यातल्या बायकांचा पगार पण दोन आठवडे थकलाय." आमच्याशी नाही, काचेशी.

पत्र मी लिहिलं. इंग्रजीत, बँकेच्या भाषेत. 'चूक' हा शब्द सौम्य करायचा मी खूप प्रयत्न केला. 'अनवधान' अशा अर्थाचा शब्द घातला. बाईंनी परत येऊन वाचलं, आणि पेन्सिलीनं तो शब्द खोडून साधा शब्द लिहिला. म्हणाल्या, "माफ करा. तिकडे अवघड शब्द लिहिला की प्रश्न येतात." मी पत्र मलय्यांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी प्रत्येक वाक्याला मान हलवली आणि खाली तेलुगूत सही केली, गोल गोल अक्षरांत, सावकाश.

पैसे आले. बाईंनी सांगितलेल्या आठवड्यातच आले. सोवनींनी ऑफिसात पेढे वाटले. गावातल्या वकिलांत आमचं नाव झालं, म्हणजे सोवनींचं. बँकेनं पैसे नाकारले की लोक आमच्याकडे येऊ लागले आणि मी सगळ्यांना तीच अट दाखवू लागलो. काहींना उपयोगही झाला.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी फीची राहिलेली पावती द्यायला मी कारखान्यात गेलो. पावती पोस्टानं पाठवता आली असती. माग चालू होते. बालम्मा बसल्या होत्या. उजव्या हाताचा ढीग होता. डाव्या हाताला पाट होता, मोकळा.

मलय्या मला बाहेर अंगणात घेऊन आले, आवाज नको म्हणून.

"शेवटचे नग कुठं गेले?" मी विचारलं.

"ढिगातच जातात आता. विकतो."

"परदेशी मालात नका टाकू, ते ठीक आहे," मी म्हणालो. "पण इथल्या गिऱ्हाइकाला द्यायला काय हरकत आहे? विणकरांना द्यायला? ते पत्र फक्त त्या बँकेपुरतं होतं, अण्णा. त्या एका एलसीपुरतं. कायद्यानं त्याचा बाकी कशाशी संबंध नाही. मी तुम्हाला हवं तर लिहून देतो."

इतकं सलग मी आयुष्यात क्वचित बोललो असेन.

त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं बरोबर असेल, साहेब. तुमचं बरोबरच असतं. पण सही माझी एकच आहे. बँकेपुरती वेगळी आणि घरापुरती वेगळी, अशी नाही."

"पण चूक नव्हती ना ती."

"नव्हती. पण मी तसं लिहून दिलंय की." ते थोडं हसले. "जी चूक आहे म्हणून लिहून दिलं, तीच परत घरात बसून करायची? कसं ते?"

"अक्कांना सांगितलंत?"

"तिनं विचारलं काय लिहिलं. मी म्हणालो, हिशेबात बसत नव्हतं, बंद केलं." त्यांनी सदऱ्यावरचा एक तंतू काढून बोटांत गुंडाळला. "बोलल्यावर कळलं मला काय बोललो ते. तिला पण कळलं. सासूजवळ राहिलेली आहे ती. काय बोलली नाही."

आतून कुणीतरी हाक मारली आणि ते गेले. मी पावती घेऊन गेलो होतो, तीही द्यायची राहिली. नंतर पोस्टानं पाठवली.

सोवनी गेले, त्यानंतर काही वर्षांनी मलय्याही गेले, हे मला वर्तमानपत्रातून कळलं. जावं की न जावं या विचारात तेरावा होऊन गेला. मी त्यांना वेगळं काय सांगायला हवं होतं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कायद्याच्या दृष्टीनं सल्ल्यात मला अजून खोट सापडलेली नाही. सापडली असती तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं.

मागच्या वर्षी भाचीच्या मुलीचं लग्न निघालं. आहेराला टॉवेल हवे होते. मी म्हटलं, मी आणतो. कारखान्याच्या पुढच्या खोलीचं आता दुकान झालं आहे. काचेची कपाटं, वर पंखा. माग मागच्या बाजूला अजून चालू आहेत, सून बघते म्हणे. गल्ल्याच्या शेजारी, जमिनीवर नाही, आता खुर्चीवर, बालम्मा बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. त्यांनी मला ओळखलं नाही आणि मी ओळख दिली नाही.

"एक डझन द्या," मी म्हणालो. "पांढरे. निळा काठ."

दुकानातल्या मुलीनं कपाटातून ढीग काढून त्यांच्यापुढे ठेवला. मोजायचं काम अजून त्यांचंच असावं. डोळ्यांनी नाही, बोटांनी मोजत होत्या. प्रत्येक नगाचा काठ चिमटीत धरून, ओठ हलवत, तेलुगूत. बारावा झाला. त्यांनी ढीग सारखा केला.

आणि त्यांचा डावा हात बाजूला गेला. खाली, खुर्चीच्या जरा मागे, जिथं कधी पाट असायचा तिथं. बोटं हवेत थोडी चाचपडली, एकदा, पुन्हा एकदा. मग हात वर आला आणि मांडीवर जाऊन पडला.

मी पैसे दिले, पण निघालो नाही. माझं अजून तिथं उभं असणं त्यांना कळलं असावं.

"काय झालं?" त्यांनी मान वर केली. "कमी आहेत का?"

"नाही अक्का," मी म्हणालो. "बरोबर आहेत."